बाळ्याचे अ‍ॅमस्टरडॅमचे फोटो आणि बेवारस माणसं

बाळ्या युरोप टूर करून आल्यापासून कट्ट्यावर दुसरा विषयच नाही. ट्युलिप नाहीत, कालवे नाहीत, नुसते त्या बॉडी वर्ल्ड्सचे, म्हणजे खऱ्या मृतदेहांच्या प्रदर्शनाचे फोटो. रात्री ग्रुपवर टाकले, सकाळी आप्पांच्या सूनबाईंनी पोहे खाता खाता मोबाइल उघडला आणि व्हायचं तेच झालं, त्यामुळे रविवारी आप्पा आले तेच तापून.

"बाळ्या, मेलेल्या माणसाशेजारी उभा राहून अंगठा दाखवतोस? लाज वाटते का काही?"

"आप्पा, ते एज्युकेशनल असतं हो. तिकडे लोक पोराबाळांना घेऊन येतात. आपल्याकडे ना, ती मेंटॅलिटीच नाही." बाळ्या विमानातून उतरला की महिनाभर 'आपल्याकडे ना' पासूनच वाक्य सुरू करतो. मागे सिंगापूरहून आला तेव्हा थुंकण्यावर भाषण होतं, तोंडात मावा ठेवून.

"काय एज्युकेशन झालं तुझं तेवढं सांग," विन्या म्हणाला.

"अरे, सिगरेट ओढणाऱ्याचं फुफ्फुस ठेवलंय, डांबरासारखं काळं! शेजारी चांगलं फुफ्फुस. काचेत. हादरलो मी."

"आणि आत्ता हातात काय आहे तुझ्या?"

बाळ्याने हात मागे नेला. चहावाल्यापासून सगळे हसले.

विन्या केमिकल कंपनीतला, त्याला यातलं तंत्र सांगायचं होतंच. गुंथर फॉन हागेन्स म्हणून जर्मन डॉक्टर, तो कायम काळी हॅट घालणारा, त्याने १९७७ मध्ये हायडेलबर्गला हे प्लास्टिनेशन शोधून काढलं. आधी फॉर्मॅलिन लावून देह टिकवायचा, मग उणे २५ डिग्रीच्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवायचं म्हणजे शरीरातल्या पाण्याच्या जागी अ‍ॅसिटोन शिरतं, चरबीही काढून टाकायची, मग व्हॅक्यूममध्ये सिलिकॉनच्या टाकीत. दाब कमी झाला की अ‍ॅसिटोनची वाफ होऊन ते बाहेर पडतं आणि त्या रिकाम्या जागेत सिलिकॉन ओढलं जातं, पेशीपेशीत. मग टाचण्या, तारा, फोमचे तुकडे लावून हवी ती पोझ द्यायची, धावणारा, पत्ते खेळणारा, काय वाटेल ते, आणि शेवटी गॅसने घट्ट करायचं. एका अख्ख्या देहाला वर्षभर लागतं. ना वास, ना सडणं.

"म्हणजे लोणचंच की," आप्पा म्हणाले.

"लोणचं खराब होतं आप्पा, हे होत नाही."

आप्पांचा मुद्दा मात्र तेवढ्यावर मिटणारा नव्हता. अग्नी दिला नाही, पाणी दिलं नाही, माणूस वर्षानुवर्षं उभाच, ही विटंबना नाही तर काय. त्यावर बाळ्या लगेच, मग जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं शवप्रदर्शन होतं दर दहा वर्षांनी त्याचं काय, तेही ठेवलेलं शरीरच ना. हे बोलायला नको होतं त्याने. कारण २०२४ च्या डिसेंबरात आम्ही सगळे गोव्याला होतो, सी कॅथेड्रलची रांग बघून हाच बीचवर सटकला होता आणि त्या गाडीभाड्याचा याचा हिस्सा अजून यायचाय. मग दहा मिनिटं ते भाडं.

नंदा तोवर गप्प होती. ती एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीररचना विभागात टेक्निशियन होती, नोकरीची सगळी वर्षं तिथेच काढली, त्यामुळे या विषयावर तिच्यासमोर आम्ही सगळे पोरंच.

"ठेवलं की जाळलं हा प्रश्नच नाहीये," ती म्हणाली. "त्याला विचारलं होतं का, एवढंच बघायचं. तुझ्या त्या हागेन्सकडे लोक जिवंतपणी फॉर्म भरतात, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण तशीच दुसरी प्रदर्शनं निघाली ती? न्यूयॉर्कला 'बॉडीज' होतं, वेगळ्या कंपनीचं, सगळे देह चीनमधून आणलेले. २००८ मध्ये तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलने धरलं तेव्हा कंपनीला कबूल करावं लागलं की हे फाशी दिलेले कैदी नाहीत असं आम्ही स्वतः खात्रीने सांगू शकत नाही. तसा बोर्ड लावावा लागला. पॅरिसमध्ये तर पुढच्या वर्षी कोर्टाने असलंच एक प्रदर्शन बंद केलं."

"चीनचं काही सांगू नकोस," बाळ्या म्हणाला, "तिकडे माणसाला किंमतच नाही. आपल्याकडे ना..."

"आपल्याकडे काय? बोल ना. ती कंपनी काय म्हणत होती माहितीये? हे बेवारस मृतदेह होते, पोलिसांकडून आलेले. आणि आपल्या कॉलेजात टेबलवर कोण असतं? १९४९ चा मुंबई अ‍ॅनाटॉमी कायदा वाच. हॉस्पिटलात गेलेला, कोणी न्यायला आला नाही, पाठवा कॉलेजला. त्या माणसाला कुठे विचारलंय कोणी?"

विन्याने मान हलवली, म्हणाला पण डॉक्टर कसे तयार होणार, सिलिकॉनच्या बाहुल्यांवर? मुद्दा बरोबर होता त्याचा. नंदानेही तो खोडला नाही. ती म्हणाली, व्हायलाच पाहिजेत, म्हणून तर देहदान करा म्हणते मी, ज्याला घर आहे, पोरं आहेत, सही करायला पेन आहे त्याने करा. फूटपाथवरच्या माणसावर किती दिवस शिकणार?

मग तिने सांगितलं ते मी इथे लिहिणारच आहे, कारण त्यासाठीच हे सगळं टाइप करतोय. एक म्हातारा आला होता त्यांच्याकडे, स्टेशनवर सापडलेला, रजिस्टरमध्ये नाव नाही, नुसता नंबर. फॉर्मॅलिनने कातडी तपकिरी, चामड्यासारखी झालेली. आणि उजव्या हातावर मनगटाच्या वर हिरवं गोंदण, 'सुमन'. पोरं त्याच हातावरच्या शिरा शोधत होती. बायको, मुलगी, बहीण, कोण ते कळायला मार्ग नाही. त्या बॅचच्या पोरांनी त्याला आपसात सुमनचे बाबा म्हणायला सुरुवात केली आणि कोणी हसलं नाही, असं नंदा म्हणाली.

मला नंदाचं शंभर टक्के पटतं. मेल्यावर माणसाला काही कळत नाही हे खरंय, पण जिवंत असताना त्याने काय सांगितलं होतं ते आपल्याला कळत असतं ना. लंडनमध्ये चार्ल्स बर्न म्हणून आयरिश राक्षसी उंचीचा माणूस होता, त्याला माहीत होतं की डॉक्टर टपलेत, म्हणून मला समुद्रात बुडवा म्हणून सांगून गेला १७८३ साली. जॉन हंटर नावाच्या सर्जनने पैसे चारून देह मिळवलाच. दोनशेहून जास्त वर्षं त्याचा सांगाडा म्युझियममध्ये उभा. २०२३ ला म्युझियम परत उघडलं तेव्हा कुठे तो लोकांसमोरून काढला, तरी समुद्रात नाहीच सोडला, संशोधनाला ठेवून घेतला. आणि त्याच लंडनमध्ये जेरेमी बेंथम नावाचा तत्त्वज्ञ १८३२ पासून स्वतःच्या मृत्युपत्राप्रमाणे खुर्चीत बसलाय, सांगाड्यावर त्याचेच कपडे, आत पेंढा, डोकं मेणाचं. त्याच्याकडे बघताना कोणाला अपराधी वाटायचं कारण नाही. बर्नला दोनशे वर्षं ज्यांनी उभा करून बघितला त्यांना वाटायला हवं होतं.

आप्पा जरा विरघळले. म्हणाले, देहदानाला आमचा विरोध नाही, दधीचींनी अस्थी दिल्याच की, आणि आमच्या नानाजी देशमुखांचा देह २०१० ला दिल्लीच्या एम्सला गेला.

"आमचे कॉम्रेड ज्योती बसूही त्याच वर्षी आप्पा," विन्या म्हणाला. "महिनाभर आधी."

"इथे पण पहिला नंबर पाहिजे तुम्हाला!"

मग अर्थातच बंगाल, आणीबाणी आणि पंचाहत्तर सालचं कोण कुठे लपलं होतं ते, जे आम्ही पाठ म्हणू शकतो. नंदाने दोघांना थांबवलं, म्हणाली भांडा पण फॉर्म भरा, नुसता फॉर्म भरूनही भागत नाही, घरचे ऐनवेळी नाही म्हणाले की संपलं, म्हणून घरी आत्ताच बोलून ठेवा. आप्पा म्हणाले सूनबाई एका फोटोने पोहे टाकून उठली, तिच्याशी हे कसं बोलू. विन्या म्हणाला मी बोलतो. आप्पा म्हणाले, नको, तू तर नकोच.

पुढच्या रविवारी ती फॉर्म घेऊन येणारे. बाळ्यासुद्धा तयार झाला, फुफ्फुस सोडून बाकी सगळं देतो म्हणाला, ते दाखवायच्या लायकीचं राहिलं नाही. आणि एकदम गंभीर चेहऱ्याने विचारतो कसा, "नंदे, पासपोर्ट साइज फोटो लागतो का गं?"

"फोटो कशाला मेल्या, अख्खा तूच येणारेस ना!"

चहाचा ग्लास सांडला आप्पांच्या हातून.