गावाची माणसे म्हणून कोणाला मोजायचे?

संध्याकाळची शेवटची एसटी वळून गेली की राजापूर तालुक्यातील आमच्या गावाच्या पारावर आम्ही चौघे जमतो. रविवारी विषय निघाला तो जनगणनेचा. तिची संदर्भतिथी 1 मार्च 2027 आहे, आणि या खेपेस चाकरमान्यांची नावे गावातच लिहून घ्यावीत, असे रिक्षा चालवणाऱ्या भाऊंचे म्हणणे होते. गणपतीत वाडीत पाय ठेवायला जागा नसते, मग सरकारदरबारी गाव एवढेसे का दिसावे, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यांची कळकळ मला समजते. रत्नागिरी जिल्ह्यात 2001 साली 16,96,777 माणसे होती, ती 2011 साली 16,15,069 उरली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना आमची घटली आणि सिंधुदुर्गातही तेच झाले. तरीही मी विरोध केला. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, आणि 2011 च्या अर्जात जन्मस्थान व पूर्वीचे वास्तव्य यांचे प्रश्न होते, त्यामुळे कोकणातून कोण गेले हे मुंबईत भरलेल्या अर्जावरूनही कळते. त्याच माणसाला इथे राहता दाखवले, तर गावात कोण उरले आहे हे कधीच कळणार नाही.

गुरुजींनी मध्येच वेगळा मुद्दा काढला. 2011 साली राज्यात हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या, तर आपल्या जिल्ह्यात 1,122. मुलीला मान देणारा जिल्हा म्हणून हे अभिमानाने सांगायला हवे, असे ते म्हणाले. यावर अंगणवाडीच्या ताई चिडल्या, आणि त्यांचे चिडणे रास्त होते.

"गुरुजी, सहा वर्षांपर्यंतची पोरे बघा. तिथे हजार मुलग्यांमागे 936 मुली आहेत. बापये मुंबईला गेले, म्हणून आम्ही जास्त दिसतो."

गुरुजी गप्प झाले. मला मात्र आमच्या वाडीतल्या काकी आठवल्या. गिरणीत कामाला गेलेल्या दिराचे घर, पुतण्यांचे घर, अशा पाच बंद घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे एका सुतळीत ओवलेल्या असतात. पावसाआधी त्या प्रत्येक कुलपात खोबरेल सोडतात आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधतात. सत्तरी उलटलेली ही बाई पाच घरे सांभाळते, पण तिला ताप आला तर दवाखान्यात नेणारे कोणी घरात नसते. गावाचा आकडा चाकरमान्यांनी फुगवला, तर काकींसारख्यांचे प्रमाण कागदावर आपोआप लहान होईल, याचेच मला वाईट वाटते.

"मग माझ्या भावाचा गाव कुठला?" भाऊंनी विचारले. गाव त्याचा हाच, पण त्याची चूल नालासोपाऱ्यात पेटते, असे मी म्हणालो. ते त्यांना पटले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

ताईंनी त्यानंतर जे सांगितले, ते आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. आंब्याच्या बागा राखायला आलेली नेपाळी कुटुंबे मोहोराच्या दिवसांत, म्हणजे ऐन गणनेच्या वेळी, इथेच असतात. त्यातल्या एका कुटुंबाची मुलगी अंगणवाडीत येते आणि मालवणीत भांडते. कलमांच्या आतल्या त्या खोपीपर्यंत प्रगणक पोहोचेल का, असे त्यांनी विचारले. रस्ता फक्त भाऊंना ठाऊक आहे, कारण काजू-आंब्याच्या पेट्या तेच वाहतात. थोडा वेळ थांबून भाऊ म्हणाले, "मी नेईन त्याला रिक्षातून."