लंगोटावरचे आरोप: एका होऊ घातलेल्या बापाचं उत्तर

महिनाभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, मामेभावाकडून, ऑफिसातल्या एका नव्या बापाकडून आणि शेवटी माझ्या सख्ख्या बहिणीकडून. कापडी डायपर ही शुद्ध फसवणूक आहे, असा त्याचा सूर. पर्यावरणाला ते डिस्पोजेबलइतकेच वाईट, हे ब्रिटनच्या सरकारनेच मान्य केलंय, ते गळतात, त्यांनी बाळाला रॅश येते, जाड कापडाने पाय फेंगडे होतात, धुवायला पाणी फार जातं, आपल्या पावसाळ्यात ते वाळत नाहीत, सेट घ्यायला बारा-पंधरा हजार लागतात, आणि एवढं करून धुणं घरातल्या बाईच्याच गळ्यात पडतं. म्हणून शहाण्याने सरळ डिस्पोजेबलचा मोठा पॅक आणावा.

आमच्याकडे जुलैअखेरची तारीख आहे. बाळंतपण पुण्यातच होणार, सासूबाई चिपळूणहून आल्यात. मी मूळचा इचलकरंजीचा, मागांच्या खडखडाटात वाढलेला. कापडाबद्दल कुणी ठोकून दिलं की मला झोंबतं. शिवाय आता हा प्रश्न माझ्या बाळाच्या अंगाला लागणाऱ्या कापडाचा आहे.

मुळात मेसेजचा मथळाच चुकलाय. ‘कापडी डायपर’ ही काही एक वस्तू नाही. आपला जुना लंगोट म्हणजे सुती चौकोन, तिकोनी घडी घालून बांधायचा, खाली मेणकापड. त्याचाच शिवलेला भाऊ होजिअरीचा, नाडीवाला. मग येतं कव्हर: बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, आत घडी ठेवायची, ओली झाली की घडी बदलायची आणि कव्हर पुसून परत वापरायचं. पॉकेटमध्ये कव्हरलाच आतून मऊ फ्लीसचं अस्तर असतं आणि मधल्या खिशात इन्सर्ट, म्हणजे शू शोषणारी जाड पट्टी, सरकवायचं. ऑल-इन-वनमध्ये सगळं एकत्र शिवलेलं. घालायला सगळ्यात सोपं, वाळायला सगळ्यात चिवट. यातल्या एकाचा दोष दुसऱ्याला लागू होत नाही. मेसेज मात्र ऑल-इन-वनची किंमत, साध्या लंगोटाची गळती आणि जाड इन्सर्टचं न वाळणं एकत्र करून एकच राक्षस उभा करतो.

आता ब्रिटनचा मुद्दा. तो खोटा नाही, अर्धवट आहे, आणि ते जास्त वाईट. तिथल्या पर्यावरण संस्थेचा अहवाल 2008 चा. एका मुलाच्या अडीच वर्षांच्या वापरासाठी डिस्पोजेबलचा कार्बनभार, म्हणजे हवा तापवणारा वायू, सुमारे 550 किलो आणि कापडीचा सुमारे 570 किलो, असे आकडे त्यात खरंच आहेत. पण तोच अहवाल पुढे सांगतो की हा आकडा धुण्यावर ठरतो. डिस्पोजेबलचा भार प्रामुख्याने कारखान्यात पडतो, कापडीचा आपल्या घरात: पाणी किती गरम केलं, मशीन पूर्ण भरून लावलं का, वाळवायला विजेचा ड्रायर वापरला का. मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या मुलालाही वापरलं, तर भार जवळजवळ 200 किलोंनी उतरतो. ड्रायरमध्येच वाळवत राहिलात तर तो डिस्पोजेबलच्या कितीतरी पुढे जातो. 2023 मध्ये ब्रिटिश सरकारने नवा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कापडीचा भार डिस्पोजेबलपेक्षा सुमारे 25 टक्के कमी निघाला. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

आणि आपल्याकडे किती घरांत लंगोट ड्रायरमध्ये वाळतात? आपण गार पाण्यात धुतो, दोरीवर टाकतो, आणि लंगोट थोरल्याचा धाकट्याला, मग मावसभावाला असा विरेपर्यंत फिरतो. दोरीवर वाळवणं आणि धाकट्याला वापरणं, अहवालाने सांगितलेल्या या सुधारणा आपल्या आज्या कोणी न सांगता करत होत्या.

याच मुद्द्याची दुसरी बाजू कचऱ्याच्या बादलीत आहे. लंगोटातली शी संडासात जाते. डिस्पोजेबलमधली तशीच गुंडाळून बादलीत जाते आणि सकाळी कुणीतरी ती हाताने उचलतं. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने त्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली: वापरलेला डायपर कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे वर्गीकरण करणाऱ्या माणसाला आत काय आहे ते उघडून पाहावं लागणार नाही. डायपर बनवणाऱ्यांनी विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टन सोबत द्यावं, असं 2016 च्या घनकचरा नियमांतही म्हटलं होतं. आमच्या इमारतीच्या बादल्यांत मी आजवर एकही लाल ठिपका पाहिलेला नाही. डिस्पोजेबल वापरणाऱ्यांनी निदान एवढं करावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पाण्याचा आक्षेप मात्र मी मान्य करतो. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. तशा उन्हाळ्यात, टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या आईला मी लंगोट धुवायला सांगणार नाही. जिथे नळाला पाणी आहे, तिथली गोष्ट मी करतोय.

‘कापडी डायपर गळतात.’ यावर मला अधिकाराने बोलता येतं, कारण हे थेट कापडाचं काम आहे. माग चालताना धागा तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये, म्हणजे विणण्याआधी, ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ देतात. कोऱ्या कापडात खळीचा अंश राहतो, आणि कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचाही पातळ थर असतो. दोन्ही पाण्याला अडवतात. मी दुकानातून आणलेला कोरा लंगोट ओट्यावर पसरला आणि वाटीतून थेंबभर पाणी सोडलं. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला, कापड कलतं केलं तर घरंगळून खाली गेला. तोच लंगोट साबणाने चार वेळा धुऊन, दर वेळी पूर्ण वाळवून परत तसंच केलं. थेंब टेकताक्षणी आत गेला. नवा लंगोट पाकिटातून काढून थेट बाळाला बांधणारे आणि मग ‘गळतो’ म्हणणारे लोक त्या खळीला दोष देत असतात. धुवट साडीचा लंगोट चांगला म्हणतात त्याचं कारण हेच आहे, त्यात जुन्याचा मोह काही नाही.

गळतीची आणखी दोन कारणं घराघरांत आहेत. एक म्हणजे कपडे मऊ व्हावेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालतात ते सुगंधी द्रव. ते धाग्यावर थर चढवतं आणि कापड पाणी घेईनासं होतं. दुसरं, पॉकेटबरोबर मिळणारं मायक्रोफायबरचं इन्सर्ट. ते पाणी झटकन पितं, पण बाळ बसलं की दाबाने सोडूनही देतं. ते थेट त्वचेला लावायचं नसतं, ओलावा ओढून कातडी कोरडी करतं. मी त्याऐवजी सुती इन्सर्ट घेतले.

रॅशच्या मुद्द्यात तथ्य आहे. डिस्पोजेबलमध्ये शोषक पॉलिमरचे दाणे 1980 च्या दशकात आले, ते लघवी धरून ठेवतात आणि त्वचा कोरडी राहते. ओला लंगोट दोन तास तसाच ठेवला तर तो डिस्पोजेबलपेक्षा नक्कीच जास्त त्रास देईल. पण रॅश कापडामुळे येत नाही. ओल, घासणं, आणि शी-शू एकत्र आल्यावर वाढणारा क्षारपणा (आम्लाच्या उलट गुण) यांतून ती येते. त्या क्षारपणात शीमधली पाचक द्रव्यं जोर धरतात आणि नाजूक कातडी सोलवटते. म्हणून लंगोट ओला झाला की लगेच बदलायचा, त्यात साबण राहू द्यायचा नाही आणि वरून पावडर थापायची नाही. ज्याला हे जमणार नाही त्याने कापड वापरू नये, हे मी स्पष्टच म्हणतो.

आणि लगेच ओलं कळणं हा लंगोटाचा गुण आहे, निदान पहिल्या महिन्यात. पाचव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत किमान सहा वेळा शू केली तर अंगावरचं दूध पुरतंय असं समजतात. लंगोट मोजता येतो. डिस्पोजेबल हातात घेऊन बाळ एकदा भिजलं की तीनदा, हे नवख्या आईबापाला सांगता येत नाही.

या सगळ्यात मेसेजने खरा धोका सांगितलेलाच नाही. जुन्या साड्या ट्रंकेत असतात आणि ट्रंकेत डांबरगोळ्या. त्यातलं नॅप्थलीन काही नवजात बाळांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य कमी असलेल्यांच्या, लाल रक्तपेशी फोडतं आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळात ही कमतरता आहे की नाही हे घरात कुणालाच आधी माहीत नसतं. त्यामुळे गोळ्यांच्या वासाचं कापड, दुपटं, शाल काहीही बाळाजवळ नको. ‘उन्हात टाकलं, झालं’ म्हणून चालत नाही. सासूबाईंनी आणलेल्या चार साड्यांतल्या दोन ट्रंकेतल्या होत्या. त्या मी हात जोडून परत ठेवायला सांगितल्या. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकलं.

पाय फेंगडे होण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते साफ खोटं आहे. पोटात पाय दुमडून राहिल्यामुळे बाळं वाकड्या पायांचीच जन्मतात. दीड-दोन वर्षांत पाय सरळ होतात, तीन-चार वर्षांचं असताना गुडघे उलट आत झुकतात, मग पुन्हा सरळ होतात. दोन वर्षांनंतरही वाक राहिला किंवा एकच पाय वाकडा दिसला तर डॉक्टरांना दाखवायचं. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, आणि म्हणूनच पहिलं वर्षभर बालरोगतज्ज्ञ त्याचे थेंब देतात. मांड्यांमध्ये जाड घडी आली की पाय बेडकासारखे फाकतात, ती खुब्याच्या सांध्याला मानवणारीच स्थिती आहे. सांध्याला जपायचं असेल तर लंगोट सोडा आणि दुपट्याकडे बघा. पाय ताणून, सरळ करून, घट्ट आवळून बाळ गुंडाळायची आपली सवय खुब्याला खरंच घातक आहे. छातीभोवती गुंडाळा, पण खाली पाय दुमडायला मोकळे ठेवा.

वाळण्याची परीक्षा मी घरीच घेतली. जूनचा दुसरा आठवडा, बाहेर संततधार. रात्री आठ वाजता हॉलमधल्या दांडीवर चार नग टाकले आणि खाली पंखा लावला: धुवट साडीचा एकेरी चौकोन, नाडीवाला लंगोट, सुती इन्सर्ट, आणि ‘बांबू’ म्हणून विकतात ते व्हिस्कोसचं जाड इन्सर्ट. साडीचा चौकोन अकराच्या आत खडखडीत. नाडीवाला पहाटेपर्यंत, कंबरपट्टी थोडी दमट. सुती इन्सर्ट दुपारी. बांबूचं दुसऱ्या संध्याकाळीही शिवणीपाशी गालाला लावलं तर गार लागत होतं. ‘पावसाळ्यात वाळत नाही’ हे जाड शिवलेल्या नगाबद्दल खरं आहे. एकेरी कापड उलगडतं, म्हणून वाळतं. चिपळूणच्या पावसात सासूबाईंनी तीन पोरांचे लंगोट चुलीजवळच्या वलणीवर वाळवले, ते याच जोरावर. माझी निवड इथेच पक्की झाली: पावसाळाभर चौकोन आणि कव्हर, ऑल-इन-वन एकही नाही.

खर्चाचं उत्तर दोन ओळींत. एका पाचवारीचे अठरा चौकोन निघाले, दोन साड्यांचे छत्तीस. त्यावर एक डझन नाडीवाले, चार कव्हरं, बाहेर जायला सहा पॉकेट. सगळं पाच हजारांच्या आत. डिस्पोजेबल दहा रुपयांचा एक आणि दिवसाला सहा धरले तर महिन्याचे अठराशे. माझ्या बाजूला साबण आणि वीज जोडली तरी चौथ्या महिन्याच्या आसपास पारडं फिरतं. रात्री आणि प्रवासात आम्ही एखादा डिस्पोजेबल वापरणार आहोत. त्याने लंगोट बाटत नाही.

शेवटचा मुद्दा, बाईच्या गळ्यात पडणाऱ्या धुण्याचा. मेसेजमधला हा एकच मुद्दा वाचून मी गप्प झालो होतो, कारण माझ्या आईच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा होता. माझे लंगोट तिने ओल्या बाळंतपणात स्वतः धुतले, वडील मागावर असायचे. पण त्यावर डिस्पोजेबल घ्या हे उत्तर कसं? धुणाऱ्याचे हात बदलायचे आहेत, आणि ते हात घरातच आहेत. आमच्याकडे हे काम माझं ठरलंय. शीचा लंगोट आधी संडासात झटकून गार पाण्याखाली धरायचा, गरम पाण्याने डाग बसतो. मग बादलीत भिजवायचा. रोज सकाळी सगळे एकत्र मशीनमध्ये, साबण मोजून, जास्तीचं एक पाणी. कव्हरं उकळत्या पाण्यात घालायची नाहीत, इलॅस्टिक आणि आतला थर दोन्ही जातात. ऊन पडलं की उरलेले पिवळे डाग उन्हातच उडतात. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “घड्या मी घालीन.”

बहिणीला हे सगळं लिहून पाठवलं. तिचीही तारीख दिवाळीची आहे. तासाभराने तिचा उलट प्रश्न आला: दादा, नाडीचे घेऊ की व्हेल्क्रोचे? नाडीचे घे. व्हेल्क्रो धुताना दुसऱ्या लंगोटांना चिकटतं, त्यात दोरे अडकतात आणि काही महिन्यांत ते धरेनासं होतं. आणि गाठ बेंबीच्या खाली मार. नाळ पडेपर्यंत तिथे ओल लागता कामा नये.