सहकुटुंब दूधसागर: काहीही न दिसण्याची हमी

बेत आखायचा तर जुलै-ऑगस्टचाच आखा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दूधसागरचा जो फोटो फिरतो, तीनशे मीटरच्या कड्यावरून चार टप्प्यांत फेसाळत येणारं पाणी आणि मधल्या पुलावरून चाललेली गाडी, तो भर पावसातलाच असतो. आणि भर पावसात गोव्यातल्या कुळे गावाहून धबधब्याच्या पायथ्याशी नेणाऱ्या जीप बंद असतात, कारण वाटेतले ओढे दुथडी भरून वाहतात. म्हणजे धबधबा जोरात असतो तेव्हा जाता येत नाही आणि जीप सुरू होतात तेव्हा त्याचा जोर उतरणीला लागलेला असतो. मे महिन्यात तर कड्यावर पांढऱ्या चार रेघा उरतात. जाणकार मंडळी यावर उपाय म्हणून ऑक्टोबरमध्ये जीप सुरू झाल्या की दिवाळीची सुट्टी लागायच्या आत, मंगळवार-बुधवार गाठून जाऊन येतात. तुम्ही तसलं काही करू नका. तुम्हाला १५ ऑगस्टला जोडून आलेला शनिवार-रविवारच हवा, कारण भावोजींना तेवढीच रजा आहे.

तिकिटांची घाई नको. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पण तोवर आत्या येणार की नाही हे ठरलेलं नसतं. आत्याचं नक्की झालं की वेटिंग लिस्ट पाहा आणि तत्काळवर विसंबा: वातानुकूलित डब्यांचं आदल्या दिवशी सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. नऊ जणांचं कुटुंब असेल तर तत्काळच्या एका तिकिटावर चारच नावं बसतात, हे ९ वाजून ५८ मिनिटांनी कळू द्या. त्याआधी कळलं तर तीन मोबाइलवर तीन जण आधीच लॉगिन करून बसतील आणि सगळी गंमत जाईल.

पुण्याहून गोवा एक्स्प्रेसच घ्या. ती खरोखर दूधसागरसमोरून जाते. फक्त जाताना ती घाट उतरते पहाटेच्या अंधारात. तरीही खिडकीची जागा कोणाला यावरून मुलांचं भांडण संध्याकाळी जेजुरी यायच्या आत लावून द्या, म्हणजे पहाटे घाटमाथ्यावरच्या कॅसल रॉक स्टेशनला सगळे गाढ झोपलेले असतील. कॅसल रॉक ते कुळे हा उतार १:३७ चा, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर. एवढ्या उतारावर ब्रेक तपासत, थांबत थांबत गाडी न्यावी लागते. दूधसागर स्टेशनातही ती अशीच थांबते आणि झोपेतून उठलेल्या माणसाला हा थांबा खास आपल्यासाठीच आहे असं वाटतं. उतरा की! हातात टॉर्च, पायात चप्पल, एका बाजूला बोगदा, दुसऱ्या बाजूला दरी. रुळांवरून चालत धबधबा गाठणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै २०२३ मध्ये असे आलेल्या हौशी मंडळींना रेल्वे पोलिसांनी रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्या आणि त्याचा व्हिडिओ देशभर पोचला. भावोजींना प्रसिद्धीची आवड असेल तर ही संधी दवडू नका.

गाडी घरचीच न्यायची म्हणत असाल तर तेही उत्तम. साताऱ्यापुढे महामार्गाच्या कामाची वळणं, बेळगावात जेवणाची वेळ टळलेली, रामनगरनंतर खड्डे आणि मग अनमोड घाट. उलटीची गोळी पहिल्या वळणावर द्या. प्रवासाच्या तासभर आधी दिली तर ती लागू पडते आणि मागच्या सीटवर काही घडतच नाही.

समजा, चुकून तुम्ही जीप चालू असतानाच्या दिवसांत पोचलात. तर कुळेला निवांत १० वाजता उगवा. जीप रोज ठरावीकच सुटतात, सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून रांग असते आणि आधी नंबर लागलेले लोक तुम्ही चहा पीत असताना परतही आलेले असतात. एका जीपमध्ये सात माणसं. तुम्ही नऊ. म्हणजे दोघांना अनोळखी पाच जणांबरोबर बसायचं आहे. कोणी, हा प्रश्न खिडकीवर पैसे भरताना, मागे रांग खोळंबलेली असताना काढावा. आजींना सगळ्यात मागच्या, आडव्या बाकावर बसवा. रस्ता अभयारण्यातला, मातीचा, दगडगोट्यांचा, आणि ओढ्यांतून जीप जाते तेव्हा मणक्याचा एकेक मणी वेगळा मोजता येतो. पाऊण तासाने उतरलात की जीपचा नंबर मुळीच लिहून घेऊ नका. परतायचं त्याच जीपने असतं, वेळ साधारण दीड तासाचा, आणि सगळ्या जीप सारख्याच दिसतात.

तिथून पुढची वाट पायी, दगडांतून आणि मुळांतून. आदल्या दिवशी मडगावात घेतलेल्या गुळगुळीत तळव्याच्या चपला यासाठीच आहेत. धपाटे आणि चिवडा पारदर्शक पिशवीत, हातात लोंबकळत न्यावा. माकडांना शोधायला त्रास पडू नये.

लाइफ जॅकेट सक्तीचं असतं, पण पट्टे लावायची सक्ती कोण करतंय? मोकळ्या पट्ट्यांचं जॅकेट पाण्यात पडल्यावर वर सरकतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो, एवढाच काय तो फरक. डोहातले दगड शेवाळाने गुळगुळीत झालेले असतात आणि पाणी थंडगार असतं. फोटो काढायला सगळ्यात टोकाचा दगड निवडा.

जीप बंद आहेत म्हणून हिरमुसलात तर सावंतवाडीवरून परता, वाटेत आंबोली आहे. तिथला धबधबा घाटरस्त्यालाच लागून. गाडी वळणावर तिरकी लावा, मागे एसटी अडकली की हॉर्न ऐकत कणीस खा. किंवा गुगलवर नसलेला एखादा ओढा शोधा आणि सगळ्या कुटुंबाला मधोमध उभं करा. इथे मात्र चेष्टा थांबवतो. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या किंवा आवाज बदलला, की सामान सोडून आधी कडेला यायचं. अलीकडच्या की पलीकडच्या, हा विचार नंतर. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले लोक असेच मधोमध अडकले आणि पाच जण वाहून गेले.

तर, परतीचं. गोवा एक्स्प्रेस वास्कोहून दुपारनंतर निघते आणि पावसाळ्यातल्या दूधसागरसमोरून लख्ख उजेडात जाते, तीही चढावर, मागून जादा इंजिनांचा रेटा घेत, संथ. ना जीप, ना रांग, ना उठाबशा. स्लीपरच्या उघड्या खिडकीतून तुषार थेट तोंडावर. एवढा सरळ मार्ग असताना सगळा बेत वाया जाईल, म्हणून परतीला वातानुकूलित डबाच घ्या. त्याच्या जाड काचेवर बाहेरून वाफ धरते आणि बाहेर पांढरं आहे एवढंच कळतं. शिवाय मडगावात सुरमईची थाळी आणि वर दोन सोलकढ्या झालेल्या असतात, तेव्हा कुळे सुटायच्या आत वरचे बर्थ भरतात. लोंढा स्टेशनात जाग आली की चहा घ्या आणि ग्रुपवर टाका: 'धबधबा ठीक, पण फोटोत जास्त चांगला दिसतो.'