ड्रॉप घेतलाय ना? मग शिकवण्या घ्याच!

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, ‘नीट’मध्ये, ७२० पैकी हवे तेवढे पडले नाहीत, घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही, तिसऱ्या दिवशी ‘ड्रॉप’ (वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा) हा शब्द मंजूर झाला. आता पुढच्या मेपर्यंत वेळच वेळ. हा वेळ तुमचा आहे असा गैरसमज पहिल्याच आठवड्यात दूर होईल. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू जिन्यात गाठून विचारतील, “तू घरीच असतोस ना रे आता? आमच्या सातवीतल्याचं जरा गणित बघशील?” ताबडतोब ‘हो’ म्हणा. किती दिवस, किती वाजता, किती पैसे हे विचारणं शेजारधर्मात बसत नाही.

कायद्याचं भय मनातून काढून टाका. शाळेतल्या शिक्षकांना खाजगी शिकवणीची बंदी आहे, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार. क्लासवाल्यांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: शिकवणारा किमान पदवीधर हवा, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको. पण त्या सूचनांत कोचिंग सेंटर म्हणजे पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेलं. तुमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसणार सात. म्हणजे ज्याने बीएड केलंय त्याला मनाई आणि ज्याच्या बारावीच्या गुणपत्रिकेचं लॅमिनेशन अजून गरम आहे त्याला रान मोकळं. एवढी बारीक मासळी कुठल्याच जाळ्यात अडकत नाही.

जागा घरचीच. नाशिकच्या सिडकोतल्या घराचा हॉल असेल तर उत्तमच. टीव्ही, देव्हारा, आजोबा आणि बॅच सगळं एकाच खोलीत मावतं. दोन बाय तीन फुटांचा पांढरा फळा घ्या आणि खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर टांगा. चार वाजता उन्हाची तिरीप त्यावर पडली की मधल्या तिघांना काहीच दिसत नाही, पण ते तसं सांगत नाहीत. शेजारच्याचं उतरवून घेतात. आडव्या भिंतीला लावला असता तर ही सोय झाली नसती. पहिल्याच दिवशी चुकून परमनंट मार्करने लिहाल. घाबरू नका: त्याच अक्षरांवर फळ्याच्या साध्या मार्करने गिरवा आणि ओलं असतानाच पुसा, निघून जातं. या लेखातला हा एक सल्ला सरळ आहे.

बॅच करताना मुलं पारखून घेऊ नका. शिष्यवृत्ती परीक्षेला बसणारा एक, सातवीतल्या दोघी, आठवीतला एक, दहावी स्टेट बोर्डाचे दोघे आणि गंगापूर रोडच्या शाळेतला दहावी सीबीएसईचा एक, अशी मिसळ करा. नाशिकला मिसळीचं वावडं नाही. दहावीच्या दोघांचं बीजगणित आणि भूमिती वेगवेगळं, चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर. सीबीएसईवाल्याचा गणिताचा पेपर एकच, ऐंशीचा, आणि त्याच्या पुस्तकात स्टेट बोर्डासारखा जीएसटीचा धडा नाही. तुम्ही अर्थनियोजन शिकवता तेव्हा तो खिडकीबाहेर बघतो. शिष्यवृत्तीवाल्याला दीडशे गुणांच्या पेपरमध्ये पंच्याहत्तर प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे त्याला वेग हवा. सातवीतल्या दोघींना अजून पूर्णांकांच्या वजाबाकीत चिन्ह सापडत नाही, म्हणजे त्यांना सावकाशी हवी. दोन तासांत सात मुलं, प्रत्येकाच्या वाट्याला अठरा मिनिटंही नाहीत. पालकांना मात्र ‘वैयक्तिक लक्ष’ असंच सांगा.

आता प्रत्यक्ष शिकवणं. इथे तुमचा खरा कस लागतो, म्हणून तो लागू न देण्याचे उपाय नीट समजून घ्या.

मुलाने (अ + ब)² = अ² + ब² लिहिलं की लाल पेनने काट मारा, मधला २अब लिहून द्या आणि पुढे चला. ‘अ’ला २ आणि ‘ब’ला ३ घालून दोन्ही बाजू काढ, असं चुकूनही म्हणू नका. एकीकडे २५ आणि दुसरीकडे १३ आले की पोरगं चपापतं, आपल्याच उत्तराकडे संशयाने बघायला लागतं आणि तीन आठवड्यांत स्वतःची चूक स्वतः धरतं. मग काकू तुम्हाला पैसे कशाचे देणार?

६१२ भागिले ६ बरोबर १२, हे उत्तर तुम्हाला दर बॅचमध्ये मिळेल. सहा एके सहा झाल्यावर १ खाली येतो, त्याला सहाने भाग जात नाही, पोर घाईने २ पण खाली ओढतं आणि वर शून्य द्यायचं विसरतं. इथे “अरे, सहाशेला सहाने भागलं तरी शंभर येतात, मग बारा कसे?” एवढंच विचारलं तर अंदाज घेण्याची सवय लागते. आणि अंदाज घेणारं मूल धोकादायक. उद्या तुमच्या उत्तराचाही अंदाज घेईल. त्यापेक्षा “लक्ष कुठंय तुझं?” हे वाक्य बरं. सगळ्या इयत्तांना चालतं.

दहावीला प्रमाणाचं मूलभूत प्रमेय शिकवताना त्रिकोणाचं नाव कायम एबीसीच ठेवा, शिरोबिंदू वर आणि पाया आडवा. मुलं ते आरतीसारखं म्हणतात. पेपरात पीक्यूआर आला, तोही कुशीवर झोपलेला, की समांतर रेषा कोणत्या बाजूला हेच दिसत नाही. तोवर तुमची फी आलेली असते.

प्रत्येक धड्यानंतर “समजलं का?” असं सगळ्यांना एकदम विचारा. सगळे एकदम “हो” म्हणतात. वही मिटून तसंच एक गणित करायला दिलं तर खरं काय ते कळेल, म्हणून देऊ नका. एखादा “नाही समजलं” म्हणालाच, तर तेच वाक्य पुन्हा म्हणा, फक्त मोठ्याने.

फीचं गणित शिकवायची गरज नाही, ते करायचंच नाही. तरी कुणाला हौस असेल तर: सात मुलं, प्रत्येकी ६०० रुपये, महिन्याचे ४,२००. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे महिन्याला पन्नास तासांच्या आसपास. त्यात चाचणीचे पेपर काढणं, तपासणं, झेरॉक्सच्या रांगेत उभं राहणं, रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला गणिताचा तिरका फोटो मान वाकडी करून वाचणं, आणि “सर, तो प्रोजेक्टचा तक्ता तेवढा करून द्या ना” यांचे वीस धरा. सत्तर तास झाले, तासाला साठ रुपये पडले, झेरॉक्स आपल्याच खिशातून. नीटची एक पूर्ण मॉक (सराव परीक्षा) देऊन चुका तपासायला सहा तास लागतात. म्हणजे महिन्याला अकरा मॉक तुम्ही ४,२०० ला विकले. शिवाय फी महिन्याच्या शेवटी घ्यायची, म्हणजे “पुढच्या महिन्यात एकदम देते हं” ऐकायला मिळतं. महिना सुरू होताना घेणारे लोक भांडकुदळ समजले जातात.

वेळापत्रक तर देवानेच जुळवून दिलंय. ऑगस्टमध्ये चाचणी. त्याच सुमारास गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं, पंचवटीतली दोन मुलं चार दिवस येत नाहीत आणि मग एका रविवारी त्यांचा बुडालेला भाग भरून काढायचा. दिवाळीआधी सत्र परीक्षा. जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा, आणि तुम्ही इंजिनिअरिंगवाले असाल तर जेईई मेनचं पहिलं सत्रही जानेवारीतच. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, मध्येच रंगपंचमी, रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून आलेल्या पोराला सर्दी. एप्रिलमध्ये शाळांची वार्षिक आणि तुमची सीईटी. मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास नीट. नारळ फोडायला नवश्या गणपतीला जायचं, तर तिथेही विद्यार्थ्याची आई भेटते आणि पोर्शन कुठवर आला विचारते.

“शिकवल्याने माझीच उजळणी होते,” हे वाक्य पाठ करून ठेवा, वडिलांसमोर उपयोगी पडतं. नीटमध्ये गणित हा विषयच नाही, हे त्यांना बहुधा माहीत नसतं. सीईटीत अकरावीवर साधारण वीस टक्के आणि बारावीवर ऐंशी टक्के प्रश्न असतात. सातवीच्या वाट्याला काय उरतं ते सातवीतलं पोरही सांगेल. हां, अकरावीतल्या एखाद्याला वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवून न्यूटनचे नियम समजावले तर उजळणी खरोखर होते. पण जिन्यातल्या काकूंचा मुलगा अकरावीत नसतो.

आठवड्यात दोनच दिवस, एकाच इयत्तेची तीन मुलं, फी आधी आणि डिसेंबरअखेर बंद, असं पहिल्या दिवशी कागदावर लिहून पालकांना देणारे काही रुक्ष लोक असतात. त्यांच्याकडे बॅच मोठी होत नाही, लग्नाकार्यात त्यांना कुणी ‘सर’ म्हणत नाही. तुम्हाला म्हणतील. अठराव्या वर्षी ‘सर’ ऐकू आलं की मानेत जो ताठा येतो, त्यावर जानेवारी सहज निघतो.

जूनमध्ये पुन्हा निकाल लागेल, प्रवेशाच्या कागदांत गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागेल. त्यात कारण ‘प्रवेश परीक्षेची तयारी’ असंच लिहा, तिथे विनोद चालत नाहीत. मग फळा, सतरंजी आणि फीची वही दुसऱ्या मजल्यावरच्या पोरीकडे सोपवा; तिचाही निकाल नुकताच लागलाय आणि काकू तिला जिन्यात भेटून गेल्यात. वहीतली उधारीची पानं तेवढी आधी फाडून ठेवा.