सडा रिकामा नाही, दुपारी दिसत नाही एवढंच

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतोय: ‘कोकणातला नवा महामार्ग सड्यावरून न्या. तिथे घर नाही, शेत नाही, नुसता पडीक कातळ. कातळशिल्पं म्हणजे गुराख्यांचे ओरखडे. फारच वाटलं तर कापून संग्रहालयात ठेवा. दगडांसाठी रस्ता वळवणं परवडत नाही.’

सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार, आणि कातळशिल्पं म्हणजे त्या कातळात कोरलेली जुनी चित्रं. रस्ता मलाही हवाय. गणपतीला गावी जाताना कंबरेचा खुळखुळा माझाही होतो. तरी यातलं एकेक वाक्य बघू.

‘पडीक कातळ.’ सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ लिहिलेलं असतं, तिथून ही समजूत येते. लागवडीला न येणारी जमीन, एवढाच त्याचा महसुली अर्थ. पावसाळ्यात याच कातळावर गुरं चरतात, माती साठलेल्या खळग्यांत भात होतं, आणि सीतेची आसवं फुलली की सडा जांभळा दिसतो. शिवाय जांभा सच्छिद्र. वर पडलेला पाऊस मुरतो आणि खालच्या वाडीच्या विहिरीला, पऱ्याला म्हणजे ओढ्याला झिरपत राहतो. सड्यात खोल कटिंग करून कडेने गटार काढलं, तर विहिरीचं पाणी गटाराने जाणार. मेमधला टँकर त्या महामार्गावरून लवकर पोचेल, हे मात्र खरं.

‘गुराख्यांचे ओरखडे.’ रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. कातळशिल्पांत गेंडासुद्धा आहे. कोकणातल्या कुठल्या गुराख्याने गेंडा बघितला होता? काळ नेमका किती मागचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे दगडी हत्यारांच्या काळापर्यंत, मागे जाणारे बरेच आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कातळशिल्पांची नऊ ठिकाणं गेली. त्यांत उक्षी, बारसू, देवाचे गोठणे आहेत, सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे, गोव्यातलं फणसायमळही.

‘तिथे काहीच नाही’ असं मोजणीवाले म्हणतात तेव्हा मला ते खोटं बोलतायत असं वाटत नाही. त्यांना खरंच दिसत नाही. खाचा उथळ असतात. बाराच्या उन्हात सड्यावर उभं राहा, सगळा कातळ सारखाच काळपट. साडेपाचला, ऊन तिरपं झालं की खाचांत सावली भरते आणि पायाखालून एक मासा वर येतो. काही चित्रं तर मातीखाली, गवताखालीच असतात. झाडू मारल्याशिवाय कळत नाहीत.

‘कापून संग्रहालयात ठेवा.’ १८ मीटरचा हत्ती कापायचा म्हणजे त्याचे चिरे पाडायचे. पुढे बोलण्यासारखं यात काही नाही.

‘वळवणं परवडत नाही.’ भूसंपादन होऊन मोबदला वाटल्यावर वळवलंत तर नाहीच परवडणार. आखणी नकाशावर असताना रेघ सरकवायला असा किती खर्च येतो? उक्षीत तिथल्या कोरलेल्या हत्तीभोवती जांभ्याची भिंत आणि वरून बघायला गॅलरी, एवढ्यात काम झालं. आणि नुसत्या रस्त्याच्या रुंदीपुरतं मोजू नका. रस्ता आला की दोन्ही बाजूंनी चिरेखाणी, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी, सरकत येतात.

तेव्हा खुंट्या मारण्याआधी गावातल्या गुराख्याला सोबत घ्या, केरसुणी घ्या आणि चारनंतर सड्यावर जा.