तिरका गुणतक्ता: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप या आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटली आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संघांच्या लीगवरच्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतलेत. सगळे संघ एकमेकांशी दोनदा खेळत नाहीत, म्हणून गुणतक्ता खोटा. लीग २०२१ ची आणि मी तिला २००१ पासूनचा इतिहास चिकटवला. आणि शिल्ड (गटात पहिल्या येणाऱ्या संघाचा करंडक) जिंकली की चॅम्पियन्स कपमध्ये (युरोपातल्या क्लबांची अव्वल स्पर्धा) प्रवेश, हे माझं वाक्य कालबाह्य आहे. यातला तिसरा आक्षेप पूर्ण मान्य, म्हणून आधी तोच घेतो.

१६ संघांचे चार गट आहेत: चार आयरिश, चार वेल्श, चार दक्षिण आफ्रिकी, आणि स्कॉटलंड-इटलीचे दोन-दोन मिळून चौथा. सुरुवातीला चारही गटांचे शिल्डविजेते थेट चॅम्पियन्स कपमध्ये जात आणि उरलेल्या चार जागा गुणतक्त्यावरून भरत. व्हायचं तेच झालं. २०२१-२२ मध्ये वेल्सचे ऑस्प्रीज नववे येऊन आत गेले, स्कॉटलंडचे ग्लासगो आठवे येऊन बाहेर राहिले. पुढच्या हंगामात वेल्सचं दहावं कार्डिफ आत, दक्षिण आफ्रिकेचे आठवे शार्क्स बाहेर. मग नियम बदलला आणि आता गुणतक्त्यातले पहिले आठ जातात. मात्र लीगमधल्या एखाद्या संघाने युरोपातला करंडक जिंकला आणि तो पहिल्या आठात नसला, तर आठव्याची जागा त्याला मिळते. २०२४ मध्ये शार्क्सनी चॅलेंज कप (युरोपातली दुय्यम स्पर्धा) जिंकला. लीगमध्ये ते बरेच खाली होते, तरी आत आले आणि आठवे ऑस्प्रीज बाहेर पडले. दोन वर्षांपूर्वी नियमाने ज्यांना तारलं, त्यांनाच नव्या नियमाने बुडवलं. हा बदल लेखात यायला हवा होता. दुरुस्ती केली आहे.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक संघ साखळीत १८ सामने खेळतो. गटातल्या तिघांशी घरी आणि बाहेर मिळून ६, उरलेल्या बारा संघांशी एकेकदा १२, त्यातले सहा घरच्या मैदानावर. म्हणजे प्रत्येक जण उरलेल्या पंधराही संघांशी किमान एकदा भिडतोच. फरक उरतो तो गटातल्या तीन जादा सामन्यांचा. विजयाचे ४ गुण, चार ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) केल्याचा १ बोनस. म्हणजे तीन सामन्यांत जास्तीत जास्त १५ गुणांचा खेळ. आठव्या-नवव्या जागेसाठी एवढं पुरेसं असतं, हे मी नाकारत नाही. पण हा तिरकेपणा कोणाच्या पथ्यावर पडायला हवा होता? वेल्श संघांच्या, कारण त्यांचा गट दुबळा. प्रत्यक्षात पहिल्या दोन्ही हंगामांत एकही वेल्श संघ पहिल्या आठात नव्हता. दुसरीकडे आयरिश गटातल्या लेन्स्टरला दरवर्षी मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाक्टशी दोनदा झुंजावं लागतं आणि तरी ते तक्त्यात वर असतात.

सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळावं, ही आपण सुचवलेली दुहेरी साखळी कागदावर देखणी आहे. १६ संघ म्हणजे प्रत्येकी ३० सामने. त्यावर बाद फेरीचे तीन, युरोपातले गटाचे चार आणि बाद फेरीचे चार धरा: ४१. यात नोव्हेंबरच्या कसोट्या (आंतरराष्ट्रीय सामने) नाहीत, सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेचे पाच सामने नाहीत, उन्हाळी दौरा नाही. रग्बीत आठवड्याला एकच सामना खेळता येतो. क्रिकेटसारखं एक दिवस विश्रांती आणि पुन्हा मैदानात, असं शरीराला झेपत नाही. प्रो१४ मध्ये (या लीगचं आधीचं नाव) साखळीचे २१ सामने होते. ते १८ वर आणले ते शक्यतो आंतरराष्ट्रीय सामन्यांचे आठवडे टाळता यावेत म्हणून. पूर्वी त्या आठवड्यांत लेन्स्टरसारखा संघ निम्मी फळी राष्ट्रीय संघाकडे पाठवून दुसऱ्या फळीवर खेळायचा. गुणतक्ता खोटा करणारी गोष्ट म्हणायची तर मी तिला म्हणेन.

आणि आयपीएलचं काय? दहा संघ झाल्यापासून तिथेही प्रत्येक संघ पाच जणांशी दोनदा आणि चौघांशी एकदा खेळतो. त्याबद्दल कोणी गुणतक्ता फेकून दिलेला पाहिला नाही.

खरा अन्याय बघायचा असेल तर सुपर रग्बीचे (प्रामुख्याने दक्षिण गोलार्धातल्या संघांची लीग) २०१६ आणि २०१७ हे हंगाम काढा. १८ संघ, चार गट, आणि आफ्रिकी गटांपैकी एकाची गाठ साखळीत न्यूझीलंडच्या एकाही संघाशी पडत नव्हती. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे स्टॉर्मर्स न्यूझीलंडच्या संघांना टाळूनच बाद फेरीत आले, यजमानपदही मिळालं, आणि घरच्या मैदानावर न्यूझीलंडच्याच चीफ्सनी त्यांना ६०-२१ असं धुतलं. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्याच लायन्सनी त्याच वाटेने थेट अंतिम सामन्याचं यजमानपद मिळवलं आणि न्यूझीलंडच्या क्रुसेडर्सकडून २५-१७ ने हरले. सगळ्यांशी किमान एकदा खेळण्याची अट किती मोलाची, ते इथे कळतं.

इतिहासाबद्दल. नाव २०२१ चं आहे, लीग नाही. चालवणारी कंपनी तीच, डब्लिनची सेल्टिक रग्बी. २००१ मध्ये सेल्टिक लीग १५ संघांनी सुरू झाली: वेल्सचे नऊ क्लब, आयर्लंडचे चार प्रांत, स्कॉटलंडचे दोन संघ. एका गटात आठ, दुसऱ्यात सात, म्हणजे पहिल्याच वर्षी सामन्यांची संख्यासुद्धा समान नव्हती! अंतिम सामन्यात लेन्स्टरने मन्स्टरला २४-२० ने हरवलं. २००३ मध्ये वेल्सने क्लबांऐवजी पाच प्रादेशिक संघ उभे केले. त्यातले सेल्टिक वॉरियर्स वर्षभरात बंद पडले. २००७ मध्ये स्कॉटलंडचा बॉर्डर्स गेला. २०१० मध्ये इटलीचे दोन संघ आले, २०१७ मध्ये सुपर रग्बीतून वगळलेले दक्षिण आफ्रिकेचे चीताज आणि सदर्न किंग्ज. २०२१ मध्ये बुल्स, लायन्स, शार्क्स आणि स्टॉर्मर्स आल्यावर नाव बदललं.

दक्षिण आफ्रिकेने उत्तरेची वाट धरली त्यामागे घड्याळही आहे. न्यूझीलंडशी वेळेचा फरक दहा-अकरा तासांचा, डब्लिनशी एक-दोन तासांचा. रात्रीच्या विमानाने निघालं की झोपेचं चक्र बिघडत नाही. बिघडतो तो श्वास: जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण १,७५० मीटरवर आहे आणि शेवटच्या वीस मिनिटांत पाहुण्या फॉरवर्ड्सची दमछाक दिसते.

आपण ज्याला हात लावला नाहीत, तो बाद फेरीचा ढाचा मला जास्त खटकतो. २००३-०४ पासून २००८-०९ पर्यंत तक्त्यात पहिला तोच विजेता होता. २००९-१० मध्ये बाद फेरी आली आणि पहिल्याच वर्षी अव्वल लेन्स्टर घरच्या मैदानावर ऑस्प्रीजकडून १७-१२ ने हरले. युनायटेड नावाखालच्या पहिल्या तीन हंगामांत अव्वल संघ उपांत्य फेरीत घरीच पडला: लेन्स्टर २०२२ मध्ये बुल्सकडून आणि २०२३ मध्ये मन्स्टरकडून, दोन्ही वेळा एका गुणाने, २०२४ मध्ये मन्स्टर ग्लासगोकडून. चुरस उत्तम, तक्रार नाही. पण १८ सामने खेळून १६ पैकी निम्मे संघ पुढे जाणार, तर पहिला येण्याचं बक्षीस फक्त घरचं मैदान?

मला प्रो१४ सारखी सहा संघांची बाद फेरी परत हवी आहे, फक्त तेव्हाच्या दोन गटांऐवजी एकाच तक्त्यावरून. पहिले दोघे थेट उपांत्य फेरीत, तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा. अव्वल संघाला एक आठवडा विश्रांती मिळते आणि गटातल्या तीन जादा सामन्यांचा झोल बाद फेरीपर्यंत पोहोचायची शक्यता कमी होते. असं होणं मात्र कठीण. बाद फेरीचे सामने सातावरून पाचावर येतील, दोन क्लबांचं तिकीटखिडकीचं उत्पन्न जाईल, आणि लीगमध्ये २०२० पासून २८ टक्के वाटा असलेल्या सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीला ते पटवून द्यावं लागेल.