‘ब्लेंडेड म्हणजे भेसळ’? जरा थांबा

‘सिंगल मॉल्ट एकाच पिंपातली शुद्ध व्हिस्की, ब्लेंडेड स्कॉच म्हणजे त्यातच कच्चं स्पिरिट मिसळलेला स्वस्त माल’ असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही वाक्यं चूक.

‘सिंगल’ म्हणजे एक पीप नव्हे, एक डिस्टिलरी. बाटलीत बहुधा तिथल्याच अनेक पिंपांचं मिश्रण असतं, आणि लेबलवरची ‘१२ वर्षं’ त्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीची. ब्लेंडेड स्कॉचमध्ये मॉल्टसोबत (म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीसोबत) ग्रेन व्हिस्की असते, बहुतेकदा गव्हाची किंवा मक्याची. तीही कायद्याने किमान ३ वर्षं स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात मुरावी लागते. उंच, खांबासारख्या भांड्यात (कॉलम) अखंड ऊर्ध्वपातन होत असल्याने ती स्वस्त पडते आणि चवीला हलकी असते. कमी प्रतीची म्हणून नव्हे.

गोंधळाचं मूळ आपल्याकडे आहे. आपल्या कित्येक स्वस्त व्हिस्कींत उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. ते स्कॉचमध्ये चालत नाही.

नुसती, चमचाभर पाणी घालून घोट घोट घ्यायची तर मॉल्टच. त्यात वाद नाही. पण ग्लासभर बर्फ, वर सोडा आणि बशीत मसाला शेंगदाणे असतील, तर महागड्या मॉल्टचे बारकावे बुडालेच समजा. तिथे मी तरी साधी ब्लेंडेडच ओततो.